टेलचं पाणी

त्या उन्हाळ्यात पाटाला एकच आवर्तन मिळणार हे मार्चमध्ये कळलं, आणि आबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात हेही मार्चमध्येच कळलं. पहिली बातमी पेपरात आली होती. दुसरी डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारामतीला डायलिसिस, आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच.

मी बारामतीत कॉलेजात शिकवते. दोन खोल्यांत एकटीच राहते.

"माझ्याकडे चला आबा. दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

"येतो की. पाटाला पाणी येऊन जाऊ दे. टेल भिजला की आलोच बघ."

म्हणून मग मीच रजा टाकली आणि सणसरच्या खालच्या अंगाला आमच्या वस्तीवर राहायला आले. आई जाऊन चार वर्षं झालेली. घरात आबा, माझा धाकटा भाऊ रविंद्र आणि त्याची बायको मनिषा. येताना मी औषधांची पिशवी आणि शंभर-शंभर मिलीच्या रेघा मारलेली एक प्लास्टिकची बाटली आणली होती.

पहिल्या सकाळी बाटली भरून खाटेजवळ ठेवली. आबांनी ती उचलून उजेडात धरली.

"एवढंच?"

"एवढंच."

"च्या धरून?"

"चहा धरून."

"आन् मनीच्या हातची आमटी? ती तर निस्तं पाणीच आसती."

"ऐकतेय बरं का मी," मनिषा चुलीपुढून म्हणाली.

"तुझ्याच कानावर घालतोय."

मग त्यांनी बोटानं रेघा मोजल्या. साडेसात. सकाळी दोन, दुपारी तीन, उरलेल्या दिवस मावळल्यावर. "पयलंच पाणी गटागटा पिऊन बसलं की मागच्याची बोंब," ते म्हणाले. "मला ठावं हाय सगळं. आता पाटकरी तू आन् खातेदार मी. बघू कसा कारभार करतीस."

त्यांच्या ओठांना चिरा पडायच्या. मी तूप लावायची. दुपारी फार तगमग झाली की चूळ भरायला पाणी द्यायची आणि चूळ भरताना त्यांच्या गळ्याकडे बघत राहायची. त्यांच्या ते लक्षात यायचं. मग ते चूळ जरा आवाज करून थुंकायचे, मला दिसावी म्हणून.

आमच्या चारीवर एकोणीस खातेदार. पाटातून चारी फुटते ते तोंड, तिथं सर्जेरावांचा सात एकर ऊस. तिथून अडीच किलोमीटर खाली चारी संपते, तो टेल. टेलला वहिदाभाबीचा सव्वा एकर. मध्ये कुठेतरी आमचा जेमतेम एक. बावीस वर्षांपूर्वी पाण्यावरून दोघांची डोकी फुटली, तेव्हा सगळ्यांनी बसून पाळी लावायचं काम आबांच्या गळ्यात घातलं. कारण एवढंच की त्यांची जमीन सगळ्यांत कमी. स्वतःच्या रानाकडे पाणी वळवून वळवून किती वळवणार? पूर्वी ज्यांच्या पाणवठ्याला आमच्या माणसांचा हात लागलेला चालत नसे, त्यांच्या रानाचं पाणी आबांच्या हातून सुटायला लागलं. यावर आबा कधी काही बोलले नाहीत. त्यांनी पाळी तेवढी चुकू दिली नाही.

पाळी टेलपासून. पहिलं पाणी थेट खाली जायचं, वाटेतली सगळी दारं बंद. कोरडी चारी एक दिवस नुसती पाणी पिते, आणि तेवढं पिऊन झालं की मग पुढचं पाणी पुढे सरकतं. तो पहिला लोंढा वर कुणी अडवला तर खाली फक्त ओल पोचते. टेल भिजला की तिथला माणूस चारीच्याच पाण्याचा तांब्या भरून आमच्या अंगणात आणायचा. आबा त्यातला एक घोट प्यायचे, उरलेलं अंगणातल्या पेरूला घालायचे, खोरं उचलायचे आणि वरचं पुढचं दार उघडायला निघायचे. तोंडी निरोप चालत नसे. कुणी मोबाइलवरून पाणी आल्याचा फोटो पाठवला तर आबा म्हणायचे, "फोटू प्यायचा का म्या?" आम्हा पोरांना ते गढूळ पाणी प्यायची शिसारी यायची. आई म्हणायची, त्यांना काही होत नाही, त्यांचं पोट चारीचंच आहे.

डायलिसिसला न्यायचं रविंद्रच्या मोटरसायकलवरून. मी मागे, आबा मध्ये. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत येताना आबांना भोवळ आली आणि तिघंही रस्त्याच्या कडेच्या मुरमात गेलो. फार लागलं नाही. पण आबांच्या हाताला जिथं सुया टोचायच्या तिथून रक्त सुरू झालं, ते थांबेना. त्याच वेळी मागून सर्जेरावांची गाडी आली. त्यांनी स्वतः उतरून आबांना उचललं. पांढऱ्या सीटकव्हरला रक्त लागलं तर म्हणाले, "लागू दे. माणूस मोठा का कापड?"

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार सकाळी सातला त्यांची गाडी ड्रायव्हरसकट आमच्या दारात उभी राहायला लागली. डिझेलचंही नाव काढू देत नसत.

"सर्जेराव काय म्हणतोय रं?" एकदा आबांनी रविंद्रला विचारलं.

"काय म्हणायचंय? माणुसकी म्हणून देतायत."

"माणुसकी हायच त्याच्याकडं. म्या कुठं न्हाय म्हणतोय?" आबा म्हणाले आणि बराच वेळ गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत बसले.

मेच्या तिसऱ्या सोमवारी पाणी येणार, सहा दिवसांचं आवर्तन, असा निरोप आला. आबांना आता अंगणापर्यंतही चालवत नव्हतं. पाय सुजून खांबासारखे झालेले; बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि सावकाश भरायचा. आदल्या दिवशी त्यांनी रविंद्रला खाटेजवळ बसवून सगळी दारं तोंडपाठ करून घेतली. कुठल्या दाराची फळी सडलीय, कुठे गोणपाट कोंबायला लागतं, कुठे उंदरांनी बांध पोखरलाय.

"वहिदाचा भुईमूग आऱ्यावर आलाय," ते म्हणाले. "आठ दिसांत पाणी न्हाय लागलं तर आऱ्या जमिनीत घुसायच्या न्हाईत, शेंगच धरायची न्हाय. ध्यानात ठीव."

"ठेवलं आबा."

"पयलं टेल."

"व्हय व्हय. आयुष्यभर तेच ऐकतोय."

सोमवारी दहाच्या सुमाराला पाटाला पाणी आलं. रविंद्र खोरं घेऊन गेला. दुपारी दोनला परत आला तो सरळ गोठ्यात गेला. मी म्हशीला पाणी दाखवायला गेले तेव्हा तो दावणीवर बसला होता. पाय कोरडे होते.

"तायडे, पाणी सर्जेरावांच्या रानात सोडलंय."

मी बादली खाली ठेवली.

"काय करू सांग. तोंडावरच उभं होते ते. म्हणाले, रवी, ऊस पार वाळाय लागलाय, वैरणीला तरी ऱ्हाऊ दे. तीन दिस मला दे, मग तीन दिस टेलला. दोघांचं भागंल. आसं हात जोडून म्हणाले गं. आपण रोज त्यांच्या गाडीत बसायचं आन् त्यांना तोंडावर न्हाय म्हणायचं?"

"आबांना विचारायचं होतंस."

"आबा व्हय म्हणाले असते?"

मी बादली म्हशीपुढं सरकवली.

"सहा दिसांचं आवर्तन हाय. गुरुवारी सकाळी खाली सोडतो की. वहिदाभाबीला तीन दिस उशिरा मिळंल एवढंच. आबांना तेवढं काय बोलू नको. उगा जिवाला लावून घेतील." थोड्या वेळानं तो म्हणाला, "गाडी बंद झाली तर त्यास्नी न्यायचं कशावरून, सांग तू मला."

मी मंगळवारच्या गाडीचाच विचार करत होते. ते इथं लिहून ठेवते.

मंगळवारी गाडी आली. आबा पांढरा शर्ट घालून तयार होते. वाटेत काच खाली करून त्यांनी चारीकडे बघायचा प्रयत्न केला, पण रस्त्यावरून चारी दिसत नाही, मधे उसाची रानं आहेत. दवाखान्यात चार तास मशीनला लावलेले असताना त्यांनी तीनदा विचारलं, पाणी कुठवर गेलं असेल. मी म्हणाले, निम्म्यावर.

बुधवारी सकाळी ते उठून बसले होते. दाढी करून मागितली. नवाला म्हणाले, "दोन दिस झालं की गं. एव्हाना तांब्या याया पायजे."

"येईल."

दहाला पुन्हा. "वहिदा आजारी-बिजारी न्हाय ना? का चारी फुटली कुठं? रवीला बलाव. न्हायतर मला तितवर न्या, बाजंवर घालून न्या."

ते खरोखरच खाटेवरून पाय खाली सोडायला लागले. धाप लागली. ओठ निळसर दिसायला लागले. मनिषानं त्यांना धरून आडवं केलं. रविंद्र दाराआड उभा होता, त्यानं माझ्याकडे बघितलं. "माझ्यानं न्हाय व्हायचं तायडे," तो हळू म्हणाला. "तू सांग त्यांना काहीतरी. तुझं ऐकत्यात ते."

मी फडताळातला तांब्या घेतला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

चारीच्या तोंडाशी जायला पंधरा मिनिटं लागतात. पाटाच्या भिंतीवरून पाणी दुथडी वाहताना दिसत होतं आणि चारीतलं सगळंच्या सगळं सर्जेरावांच्या दाराकडे वळलेलं होतं. त्यांचा ऊस खरोखर करपलेला होता, शेंडे पिवळे. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून सऱ्या फोडत होते. साठी उलटलेला माणूस, धोतर खोचलेलं, पिंढऱ्यांना चिखल. मला बघून बांधावर आले.

"अंजलीताई, आबा कसे हायेत?"

"आहेत."

"गाडी शुक्रवारी येतीय. काय काळजी करू नका." मग त्यांची नजर माझ्या हातातल्या तांब्यावर गेली. त्यांनाही ती रीत माहीत होती. बावीस वर्षं तेही त्या तांब्याची वाट बघत आले होते. ते खोऱ्याचा चिखल गवताला पुसत राहिले.

मी वाकून तांब्या भरला. पाणी थंड होतं. सांडू नये म्हणून घरी येईपर्यंत मी तांब्या छातीशी धरला.

अंगणातून, पुढच्या दारानं आत आले.

"आबा, आला तांब्या. वहिदाभाबीनं दिला."

"आत न्हाय आली ती?"

"घाईत होती. पाणी धरायचंय म्हणाली."

"बराबर हाय. पाणी सोडून कशी यील?" त्यांचा चेहरा मोकळा झाला. मी त्यांना टेकून बसवलं. बाटलीच्या झाकणानं मोजून मी तीस मिली पाणी दिलं आणि मनात म्हणाले, हे दुपारच्या वाट्यातून कापायचं. त्यांनी ते तोंडात घेतलं. लगेच गिळलं नाही. मला वाटलं, इतक्या दिवसांनी मिळालंय म्हणून घोळवतायत. गालात या बाजूनं त्या बाजूला फिरवलं, मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि गिळलं.

"बरं," ते म्हणाले.

"पेरूला घालू उरलेलं?"

"घाल."

मी बाहेर जाऊन पाणी पेरूला घातलं. आत आले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. त्या दिवशी दुपारच्या तीन रेघांपैकी त्यांनी एकच रेघ प्याली. मी खूश झाले. मनिषाला म्हणाले, बघ, मन शांत झालं की तहान पण कमी होते.

गुरुवारी सकाळी रविंद्रनं सर्जेरावांचं दार बंद केलं आणि पाणी खाली सोडलं. मेच्या उन्हात तापलेली चारी ते पीत राहिली. तो पाण्याच्या तोंडाबरोबर चालत होता, उंदरांच्या बिळांत गोणपाट कोंबत, पालापाचोळा खोऱ्यानं ओढत. दुपारी तीनला पाटाचंच पाणी उतरायला लागलं. वर कुठे काय झालं कळलं नाही. सहा दिवसांचं आवर्तन चौथ्या दिवशी आटपलं. रविंद्रचं पाणी दीड किलोमीटरवर थांबलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेलं.

संध्याकाळी वहिदाभाबी अंगणात आली. डोक्यावरून पदर, पायांत नवऱ्याच्या जुन्या चपला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती एकटीच कसते. मनिषानं तिला दारातच गाठलं.

"आबा झोपल्यात भाबी."

"उठवू नगं. म्या निस्तं इचारायला आले, पाणी कुठवर आलंय? तीन दिस बांधावर बसून हाय."

मनिषानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. "पाट बंद झाला भाबी."

तिला आधी समजलंच नाही. "बंद झाला म्हंजी? टेल ऱ्हायलाय की."

"हो."

"आबांनी सोडलं नव्हतं खाली?"

"आबा उठत नाहीत आता. रवी बघत होता."

तिनं मान हलवली. मग पदरातून चार लिंबं काढून माझ्या हातात ठेवली. "त्यास्नी चोखायला दे. पाणी वाढवून देत न्हाईत म्हणं. लिंबानं तोंड वलं ऱ्हातं." आणि आली तशी गेली. आत खाट कुरकुरली. मी जाऊन बघितलं. आबांचे डोळे मिटलेले होते.

शुक्रवारी सातला गाडी आली. मी आबांना शर्ट घातला. रविंद्रनं आणि मी दोन्हीकडून धरून दारापर्यंत नेलं. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. सीटला नवं कव्हर घातलेलं होतं. आबांनी एक पाय उचलला, पायरीवर टेकवला, आणि परत खाली घेतला.

"काय झालं आबा?"

"न्हाय जायाचं."

"असं कसं? आज शुक्रवार आहे."

"न्हाय जायाचं म्हटलं ना."

"आबा, लई ताण पडंल अंगावर," रविंद्र म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय, एकबी चुकवायचं न्हाय."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. तो लहानपणी शाळेत मार खाऊन आला की बघायचे तसं. "रवी, मला आत ने," ते म्हणाले.

आम्ही खूप समजावलं. मी रडले, ओरडलेसुद्धा. डॉक्टरांना फोन लावून आबांच्या कानाला दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला. आठपर्यंत गाडी दारात उभी होती. आम्हाला वाटलं, सुयांना कंटाळले. त्या मशीनला कंटाळले. असं होतं, डॉक्टर म्हणाले, बरेच पेशंट मध्येच हट्ट करतात, उद्या परत प्रयत्न करा. दुसरी गाडी बोलवावी, साधी भाड्याची जीप सांगावी, हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. शनिवारी सकाळीही सर्जेरावांचीच गाडी आली. शनिवारी आबांनी खाटेवरून पायच खाली सोडला नाही.

त्या दोन दिवसांत त्यांनी पाणी मागितलं नाही. टेलचंही काही विचारलं नाही. बाटली भरलेली राहायची. मी म्हणायची, आबा, दोन रेघा तरी घ्या. ते माझ्या समाधानाला ओठ लावायचे. शनिवारी दुपारी त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, बोटांनी चाचपला. "कॉलेज कधी सुरू हुतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पंधरा जूनला. "मग जा येळेवर. रजा नगं वाढवू."

रविवारी पहाटेपासून छातीत घरघर सुरू झाली. अंगातलं पाणी फुफ्फुसात चढलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत नऊ वाजले. ती अंगणात वळत होती तेव्हा आबा गेले.

सातव्या दिवशी जलदान झालं. चारीवरचे सगळे आले होते. सर्जेराव मागे, भिंतीला टेकून बसले होते. त्रिशरण-पंचशील झाल्यावर भंतेजींनी सांगितलं, घरातल्यांनी कलशातलं पाणी धार न तोडता वाटीत ओतावं, वाटी भरली तरी थांबू नये, पाणी ओसंडून खालच्या ताटात वाहू द्यावं. रविंद्रनं कलश धरला, मी त्याच्या मनगटाला हात लावला, मनिषानं माझ्या. भंतेजी गाथा म्हणत होते. वाटी भरली. पाणी काठावर आलं, फुगून उभं राहिलं, आणि तिथं रविंद्रचा हात थांबला.

"ओता," भंतेजी म्हणाले. "वाहू द्या."

त्याला जमेना. त्यानं कलश माझ्या हातात सोडला. मी ओतलं. ताट भरलं, पाणी सतरंजीवर गेलं, पहिल्या ओळीतल्या बायकांनी पदर सावरले. भंतेजींनी माझ्या हातातून कलश काढून घेतला.

वहिदाभाबी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले.

लहान असताना आबांच्या खांद्यावर बसून एकदा टेलला गेले होते, त्यानंतर कधी नाही. चारीच्या कडेकडेनं चालत गेले. रविंद्रचं पाणी जिथं मेलं तिथं चिखल वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. पुढे चारी पांढरी होत गेली. शेवटचे दोन-तीनशे फूट तर जमिनीवर चुना शिंपडावा तसा थर होता, पायाखाली कुरकुरत होता.

भाबी भुईमूग उपटत होती. अख्ख्या रानात एकटी, वाकलेली.

"आगं, तू कशाला आलीस उन्हाची? घरात माणसं यायची आसतील." ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. "काल यायाचं हुतं मला. पण निम्म्यातून माघारी फिरले. म्हटलं, माझं तोंड बघून रवी आणखी कानकोंडा हुईल. सर्जेराव बी आले आसतील. तुमच्या दुखात पाण्याचा इषय नगं."

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागले. तिनं नको म्हटलं नाही. वेल हिरवे होते अजून, पण जमीन विटेसारखी. प्रत्येक वेलाच्या बुडाशी आऱ्या सुटलेल्या होत्या, दोरीसारख्या, खाली जमिनीपर्यंत आलेल्या आणि तिथंच टोकाला काळ्या पडून वाकलेल्या. एकही आत गेली नव्हती. ती वेल उपटून मागे टाकत होती, शेळ्यांसाठी. अर्ध्या तासात माझ्या तळहाताची सालं निघाली.

"भाबी," मी म्हणाले, "बुधवारी मी आबांना खोटं सांगितलं. तुम्ही तांब्या दिला म्हणून सांगितलं."

ती उपटत राहिली. "मग? बाप हाय. जिवाला शांतता म्हणून सांगितलं आसशील."

"हो."

"मग झालं तर. त्यात काय एवढं?" तिनं माझा चेहरा बघितला. "बस सावलीला. घामानं निथळतीयास. पाणी आणते."

बांधावर एकच बाभूळ होती. तिच्याखाली माठ होता. तिनं तांब्या बुडवून दिला. मी मोठा घोट घेतला आणि तो घशाखाली उतरेना. मीठ. नुसतं मिठाचं पाणी.

"खारं लागलं व्हय?" ती हसली. "सवय न्हाय तुला. ह्या आडातलं हाय. हितली मातीच आशी. पाटाचं गोडं पाणी येतं ना, ते बी ह्या शेवटच्या वाटंत खारं हून येतं. आबा म्हणायचे, वहिदा, तुझा तांब्या मला डोळं झाकून वळखू येतो. बाकी अठराजण आणतील, पण टेलचं पाणी एकट्या टेलचंच."

बुधवारी गालात फिरवलेला तो घोट. उघडलेले डोळे. 'बरं.'

आणि शुक्रवारी पायरीवर टेकवून परत घेतलेला पाय. ते दवाखान्याला नको म्हणाले नव्हते. ते त्या गाडीला नको म्हणाले होते.

"काय झालं गं?" भाबीनं विचारलं. "आजून पायजे पाणी?"

मी हो म्हणाले. तिनं पुन्हा तांब्या भरून दिला. तो मी सगळा प्याले. मग आम्ही दोघी उठलो. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि निम्मं रान अजून उपटायचं होतं.